होळकरांचे अकरा आणि आपले पाच
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)





कार्यक्रमपत्रिकेत वक्ता म्हणून एकच नाव छापले आहे, पण खरे सांगायचे तर हे भाषण आम्हा सहा जणांचे आहे. तिघे धारचे, तिघे देवासचे. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आम्ही इंदूरला भेटतो, कारण इंदूर दोघांच्या मध्ये पडते आणि पोह्यांवर जिरावण तिथेच नीट पडते. त्यामुळे बोलणारे तोंड एक असले तरी शब्द सहा जणांचे आहेत. काही चुकले तर सहाने भागून घ्यावे.

आमच्या या बैठकीत गेली वीस वर्षे एकच वाद चालू आहे. वाद घरचा नाही, राजकारणाचाही नाही. होळकरांच्या क्रिकेट संघाचा सार्वकालिक अकरा जणांचा चमू निवडायचा झाला, तर त्यात कोण खेळणार आणि कोण बसणार? अकरा नावे कागदावर लिहायला वीस वर्षे का लागावीत, असे आमच्या घरच्यांना वाटते. आज आम्ही आधी ते समजावून सांगणार आहोत. आणि मग, ज्यासाठी खरे तर हा विषय घेतला, ते सांगणार आहोत. ते थोडे अवघड आहे, म्हणून ते शेवटी.

आता मुलांसाठी थोडी उजळणी. होळकर संघ रणजी करंडकात उतरला १९४१-४२ मध्ये आणि शेवटचा खेळला १९५४-५५ मध्ये. म्हणजे चौदा हंगाम. त्या चौदांत तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. मुंबई म्हणजे क्रिकेटची पंढरी असे आपण म्हणतो, पण त्या काळात पंढरीच्या वारकऱ्यांना इंदूरची धास्ती होती.

हा संघ उभा कसा राहिला? होळकर महाराजांनी गुणी खेळाडू शोधले, त्यांना आपल्याकडे बोलावले, फौजेत हुद्दा दिला, पगार दिला, आणि सांगितले, खेळा. कर्नल सी. के. नायडू हे ‘कर्नल’ होते ते होळकरांच्या फौजेतले. ते मूळ नागपूरचे, तेलुगू घरातले. १९२३ मध्ये त्यांना इंदूरला बोलावून घेतले गेले. आज आपण ‘व्यावसायिक संघ’ म्हणतो, त्याचे हे संस्थानी रूप म्हणायला हरकत नाही. लिलाव नव्हता, एवढाच फरक.

तर आता वाद.

पहिले नाव मुश्ताक अली. यावर आमच्यात कधीच मतभेद नाही. जन्म इंदूरचा. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा. परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय आपल्या माळव्याचा. पुढे येऊन मारायचे, आणि लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. किती जीव टाकायचे, तर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसचा संघ आला असताना कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळले, आणि लोक रस्त्यावर आले. ‘मुश्ताक नाही तर कसोटी नाही’ अशा घोषणा झाल्या. निवड समितीचे दुलीपसिंहजी, एवढा मोठा माणूस, गर्दीच्या तावडीत सापडले. शेवटी मुश्ताक अलींना खेळवावे लागले. कोण खेळणार हा प्रश्न फक्त निवड समितीचा असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आणि बघा, रस्त्यावर उतरले ते इंदूरचे लोक नव्हते, कलकत्त्याचे होते. गुणाला गाव विचारले नाही त्यांनी.

दुसरे नाव चंदू सरवटे. हे सागरचे. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ६१ धावांत ९ बळी घेतले आणि मग शतकही ठोकले. याच सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला, आणि एका डावात सहा जणांची शतके झाली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के., निंबाळकर आणि प्रतापसिंग. त्यानंतर इंग्लंडमध्ये सरेविरुद्ध शेवटच्या जोडीसाठी सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी २४९ धावा केल्या. दहावा आणि अकरावा फलंदाज, दोघांचीही शतके! असा माणूस कुठेही खेळवा, कितव्याही क्रमांकावर पाठवा. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवरही गेले. आमच्यातले धारकर म्हणतात, सरवट्यांना निवडकर्ता केले यात नवल नाही, कारण शेवटी पाठवलेल्या माणसातही शतक असू शकते हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होते.

तिसरे नाव भाऊसाहेब निंबाळकर, आणि इथून भांडण सुरू. निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांनी राहिला. एवढे करून त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पण ते ४४३ महाराष्ट्राकडून होते, होळकरांकडून नव्हते. मग ते आपल्या यादीत मोजायचे का? देवासचे आमचे एक मित्र म्हणतात, मोजायचे नाही. ज्या संघाची यादी, त्याच संघासाठी केलेले काम. धारचे म्हणतात, माणूस एकच, धावा काय दोन पिशव्यांत ठेवायच्या? शेवटी आम्ही नियम केला : मोजायचे फक्त होळकरांसाठी केलेले. तरीही निंबाळकर संघात बसतातच, कारण म्हैसूरविरुद्धच्या त्या सहा शतकांत सगळ्यात मोठे, १७२ धावांचे, त्यांचेच होते. नियम कडक ठेवला आणि तरीही माणूस पास झाला, तर त्याचे समाधान वेगळे असते.

चौथा प्रश्न डेनिस कॉम्प्टन यांचा. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी नोकरीमुळे हिंदुस्थानात होते. १९४४-४५ चा अंतिम सामना त्यांनी होळकरांकडून मुंबईविरुद्ध खेळला. होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य होते. मुश्ताक अलींनी त्या सामन्यात दोन्ही डावांत शतके केली, कॉम्प्टन दुसऱ्या डावात नाबाद २४९ राहिले, आणि तरीही आपण ३७४ धावांनी हरलो. प्रश्न असा की, थोडे दिवस आलेल्या पाहुण्याला सार्वकालिक संघात घ्यायचे का? एकदा आमच्यातला एक जण तावातावाने म्हणाला, बाहेरचे नकोतच, फक्त आपले घ्या. तेव्हा दुसऱ्याने शांतपणे कागद पुढे केला आणि म्हणाला, काढ बाहेरचे. सी. के. नागपूरचे, सरवटे सागरचे, निंबाळकर कोल्हापूरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे. रेघा मारता मारता हातात उरले मुश्ताक अली. पोहे संपले, वाद संपला. त्या दिवसापासून ‘बाहेरचा’ हा शब्द आमच्या यादीपुरता आम्ही बाद केला. यादीपुरताच केला, हे मात्र पुढे लक्षात आले.

पाचवा वाद गोलंदाजांचा. सी. एस. नायडू, म्हणजे सी. के. यांचे धाकटे बंधू. आत्ता सांगितलेल्या त्याच सामन्यात त्यांनी दोन्ही डाव मिळून ९१७ चेंडू टाकले. एकशे बावन्न षटके आणि पाच चेंडू! ४२८ धावा दिल्या, ११ बळी घेतले, आणि सामना हरले. आमच्यातले आकडेवाले म्हणतात, एवढ्या धावा दिल्या, कशाला घ्यायचे? आम्ही बाकीचे म्हणतो, जो माणूस ९१७ चेंडू टाकून चेंडू खाली ठेवत नाही, त्याला घ्यायचे नाही तर कुणाला? दुसऱ्या बाजूला डावखुरे हिरालाल गायकवाड. वर्षानुवर्षे गोलंदाजीचा भार वाहिला आणि वाट्याला आली एकच कसोटी, पाकिस्तानविरुद्ध लखनौला. आम्ही दोघांनाही घेतो. मग जलदगतीला कोण, हा प्रश्न राहतो, तो तसाच राहू दे.

आणि सहावा वाद सी. के. यांचाच. तुम्ही म्हणाल, यात वाद कसला? भारताचे पहिले कसोटी कर्णधार, १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा. ते सगळे खरे. पण होळकरांचे कर्णधार म्हणून शेवटचा करंडक त्यांनी जिंकला तेव्हा त्यांचे वय होते ५७. आमच्यातले बहुतेक सरकारी नोकरीतले. आम्हाला ज्येष्ठता यादी कळते, आणि ज्येष्ठता यादीने काय काय होते तेही कळते. म्हणून आमच्यातला एक जण नेहमी विचारतो : पन्नाशी उलटलेला माणूस संघात होता तो गुणावर, की नाव मोठे म्हणून? याचे उत्तर आकड्यांत आहे. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध सी. के. यांनी २०० धावा केल्या, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. त्यांच्या हाताखाली नऊ हंगामांत संघ आठ वेळा अंतिम सामन्यात गेला. आणि अशीही हकीकत सांगतात की, मुंबईविरुद्ध दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले, तरी ते खेळत राहिले. म्हणजे हा मान वयाचा नव्हता. ज्येष्ठ माणसाने जागा अडवली, असे केव्हा म्हणायचे? जागा सोडत नाही आणि कामही करत नाही, तेव्हा. काम करणाऱ्याला वय विचारू नये. (समोरच्या रांगेतल्या मंडळींनी हसू नये. हे क्रिकेटबद्दल चालले आहे.)

आता देवासकरांच्या जिव्हाळ्याचे एक नाव, जे आमच्या यादीत येऊच शकत नाही. विजय हजारे. सांगलीचा हा मुलगा काही काळ आपल्या देवासला, थोरल्या पातीच्या विक्रमसिंह महाराजांच्या आश्रयाला होता. सेंट्रल इंडियाच्या संघाकडून तो रणजी खेळत असे. पुढे हजारे बडोद्याला गेले आणि मोठे झाले. १९४८ मध्ये ॲडलेडला एकाच कसोटीत दोन शतके, १९५२ मध्ये मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय, तोही त्यांच्या कर्णधारपदाखाली.

पण माळव्याला त्यांची खरी आठवण आहे ती मार्च १९४७ ची. अंतिम सामना बडोद्याला, समोर आपले होळकर. आपला डाव २०२ धावांत आटोपला. मग हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. आपण एक डाव आणि ४०९ धावांनी हरलो. जो एके काळी आपल्या गावात राहिला, आपल्या भागाकडून खेळला, त्यानेच समोर उभे राहून आपल्याला दोन दिवस उन्हात पळवले. यात हजाऱ्यांचा दोष नाही आणि देवासचाही नाही. खेळाडू मोठ्या संधीकडे जाणारच. पण आमच्या बैठकीत हे नाव निघाले की देवासचे तिघे क्षणभर गप्प होतात. आपला माणूस समोरच्या संघात दिसणे, याची चव वेगळी असते.

ही चव आम्हाला पुन्हा घ्यावी लागेल की काय, अशी वेळ गेल्या संक्रांतीनंतर आली. आता त्या अवघड भागाकडे येतो.

आपल्या दोन्ही गावांच्या मराठी मुलांचा वार्षिक सामना पूर्वी क्रिकेटचा असायचा. मैदाने मिळेनाशी झाली, कोपऱ्यावरच्या घरांच्या काचा महाग झाल्या, आणि चार वर्षांपूर्वी मुलांनीच सांगितले, काका, बास्केटबॉल घ्या. कोर्ट शाळेचे मिळते, दोन तासांत सामना संपतो. आम्हाला त्या खेळातले फार कळत नव्हते. मुलांनी शिकवले. दहा-दहा मिनिटांचे चार भाग. संघात बारा जण असू शकतात, पण एका वेळी कोर्टवर पाचच. बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. म्हणजे क्रिकेटसारखे नाही, की बाराव्याने पाणीच न्यायचे.

आम्ही म्हटले, मग पहिले पाच कोण यावर एवढे काय अडते? सगळेच खेळणार ना? तेव्हा एका मुलाने सांगितले, काका, पहिल्या पाचांची नावे एकेक करून पुकारतात. आईवडील समोर बसलेले असतात. आम्हाला लगेच कळले. आपल्याकडे आरती सगळेच म्हणतात, पण ताट पहिल्यांदा कुणाच्या हातात देतात यावरून लोक वर्षभर बोलत नाहीत. पहिले पाच म्हणजे आरतीचे ताट. प्रश्न मिनिटांचा नाही, मानाचा आहे.

मुलांनीच आम्हाला एका अर्जेंटिनाच्या खेळाडूची गोष्टही सांगितली. मनू जिनोबिली. नाव ऐकून आम्हाला आधी तो आपल्याकडचाच वाटला. सॅन अँटोनिओ स्पर्स या अमेरिकन व्यावसायिक संघाचा हा मोठा खेळाडू. संघासोबत चार वेळा विजेता झाला, देशाला २००४ मध्ये ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघात होता. पण त्याच्या प्रशिक्षकाने त्याला वर्षानुवर्षे सुरुवातीला बसवले आणि नंतर उतरवले. तो उतरला की सामना फिरायचा. २००८ मध्ये त्याला उत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कारच मिळाला. त्याने ते मान्य केले, कारण कशासाठी बसायचे आहे हे त्याला ठाऊक होते. हे शेवटचे वाक्य आम्ही त्या वेळी नीट ऐकले नाही.

गेल्या वर्षी देवासच्या मुलांची निवड आमच्याकडे होती. मुले दहा. चार नावे सगळ्यांना मान्य होती. पाचव्या जागेसाठी दोघे होते. एक मुलगा बुटका, पण चेंडू कुठे द्यायचा हे त्याच्याइतके कुणाला कळत नाही. सरावाचा एकही दिवस त्याने चुकवला नव्हता. त्याचे कुटुंब दोन-तीन वर्षांपूर्वीच बदलीने देवासला आलेले. दुसरा उंच, चांगल्या घरचा, चार पिढ्या समाजात असलेला. सरावाला तो दोनदाच आला होता. बैठकीत कुणीतरी म्हणाले, हे लोक आत्ता आलेत, पुढच्या वर्षी असतील की नाही कोण जाणे. कुणीतरी म्हणाले, त्याला मराठी तरी धड येते का? कोण म्हणाले ते सांगत नाही, कारण बाकीचे आम्ही गप्प बसलो, आणि गप्प बसणे हेही मतच असते. दहा मिनिटांत नावे ठरली, आणि रात्री अकरा वाजता ग्रुपवर यादी टाकली.

सामना झाला. तिसरा भाग संपला तेव्हा आपण चौदा गुणांनी मागे होतो. मग तो बुटका मुलगा उतरला. शेवटच्या दहा मिनिटांत त्याने स्वतः फार टोपल्या मारल्या नाहीत, पण ज्याच्या हाती चेंडू दिला त्याने मारल्या. आपण तीन गुणांनी हरलो. धारची मंडळी जिंकली आणि आमच्यातल्या धारकरांनीही त्या दिवशी पेढे मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील कार्यालयात येऊन संघाचा बनियन ठेवून गेले. धुतलेला, इस्त्री केलेला, कागदात गुंडाळलेला. काही बोलले नाहीत. मुलगा पुन्हा सरावाला आला नाही. उन्हाळ्यात कळले की तो इंदूरच्या एका संघाबरोबर सराव करतो.

पुढच्या रविवारी आम्ही सहा जण पोह्यांसमोर बसलो होतो आणि सवयीने होळकरांची यादी निघाली. कुणीतरी म्हणाले, निंबाळकरांचे ४४३ मोजायचे की नाही यावर आपण किती वर्षे घालवली? आणि त्या पोरासाठी किती वेळ दिला? दहा मिनिटे. जे खेळून गेले, ज्यांना आता आपल्या यादीने काही फरक पडत नाही, त्यांच्यासाठी पुरावे, नियम, आकडे. आणि जो समोर बनियन घालून उभा होता, त्याच्यासाठी ‘कोण जाणे’. कागदावर ‘बाहेरचा’ हा शब्द आम्ही बाद केला होता. कोर्टवर आम्हीच तो परत आणला.

आणि आपण कोण, हो? उदाजी, तुकोजी, जिवाजी पवारांबरोबर आपल्यातले कितीतरी पूर्वज इथे आले, ते बाहेरूनच. कुणी तलवार घेऊन, कुणी लेखणी घेऊन, कुणी पोथी घेऊन. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यात झाला, ते धारकर अजून मिरवतात. पण आनंदीबाई काही धारच्या नव्हत्या. माळव्याने आपल्याला विचारले नाही की तुम्हाला माळवी धड येते का. आपल्या बोलण्यात इतकी हिंदी मिसळलेली असते की पुण्याचे नातेवाईक हसतात; आणि आपण दुसऱ्याचे मराठी तपासायला बसलो.

जवळचेच एक उदाहरण घ्या. इंदूरचा रजत पाटीदार. २०२२ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतले नाही. एक खेळाडू जायबंदी झाला म्हणून त्याला मागून बोलावले. त्याने बाद फेरीत लखनौविरुद्ध ५४ चेंडूंत नाबाद ११२ केल्या. महिन्याभरात रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध शतक केले आणि मध्य प्रदेशाने पहिल्यांदा करंडक जिंकला. होळकरांच्या शेवटच्या विजेतेपदानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी तो करंडक या भागात आला. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे मुंबईचे. २०२५ मध्ये बंगळूरला पहिले आयपीएल विजेतेपद मिळाले तेव्हा कर्णधार पाटीदारच होता. निवडणाऱ्यांची चूक खेळाडूने सुधारली. पण प्रत्येक मुलाला ती सुधारायची दुसरी संधी मिळत नाही. बहुतेक मुले बनियन धुऊन परत करतात आणि विषय संपतो.

आषाढात आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. सहाही जण. त्याच्या आईने चहा केला. आम्ही म्हटले, चूक झाली, तू परत ये, या वर्षी पहिल्या पाचांत तूच. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, पहिल्या पाचांत नसलो तरी चालेल मला. पण का नाही, ते सांगायला हवं होतं. मी रात्री अकरा वाजता मोबाईलवर वाचलं.” आणि हे सगळे तो स्वच्छ मराठीत म्हणाला.

त्याने आमचे ‘तूच’ नाकारले आणि बरोबर नाकारले. पुन्हा आम्ही खेळ न बघताच जागा वाटत होतो, फक्त या वेळी उलट्या दिशेने.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या आज सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे मोडल्या तर तुम्हाला विचारता येईल. एक, सरावाची हजेरी वहीत लिहिली जाईल आणि वही भिंतीला टांगलेली असेल. दोन, ज्याचा मुलगा, पुतण्या, भाचा स्पर्धेत आहे, तो निवडीच्या वेळी बाहेर बसेल. तीन, यादी आठ दिवस आधी लागेल. चार, जो पहिल्या पाचांत नाही त्याला आमच्यापैकी एक जण समोर बसवून कारण सांगेल. मोबाईलवर नाही, समोर. आणि कारण सांगताना जीभ अडखळली, तर समजायचे की कारण खोटे आहे आणि यादी बदलायची.

पाचवा मुद्दा अजून ठरलेला नाही. प्रत्येक मुलाला निदान एक पूर्ण भाग खेळवायचाच का? आमच्यातले तिघे म्हणतात, हो, हा समाजाचा सामना आहे, करंडक नाही. तिघे म्हणतात, मग सरावाची किंमत काय राहिली? देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये सुखाने नांदली, तशा या प्रश्नावर आमच्यातही दोन पात्या आहेत. फक्त या वेळी धार-देवास अशी विभागणी नाही, हे विशेष. तुमचे मत काय, ते प्रसादाच्या वेळी जरूर सांगा. विशेषतः ज्या आया मुलांचे बनियन धुतात, त्यांनी सांगा.

तो मुलगा सरावाला परत आला आहे. आठवड्यातून दोन दिवस इंदूरला जातो, दोन दिवस आपल्याकडे येतो. तो आज इथे आहे की नाही, हे सांगत नाही. नाव घेऊ नका, असे त्यानेच सांगितले आहे. या वर्षी पहिल्या पाचांत तो असेल की नाही, हेही आम्हाला आज ठाऊक नाही. वही भिंतीला टांगलेली आहे. तिच्यात त्याच्यापुढे सध्या दोन नावे आहेत, आणि त्यातले एक त्या उंच मुलाचे आहे. तोही या वर्षी रोज येतो. गेल्या वर्षी यादीत नाव आले, पण त्यानंतर मित्र त्याच्याशी नीट बोलेनात, असे त्याच्या आजोबांनी आम्हाला सांगितले. चुकीच्या निवडीत बसवलेल्याचे नुकसान होते तसे निवडलेल्याचेही होते, हे आमच्या लक्षातच आले नव्हते.

राहिली होळकरांची यादी. अकरावे नाव अजून ठरलेले नाही. कॉम्प्टन घ्यायचे की प्रतापसिंग, यावर पुढच्या रविवारी बसू. त्याला घाई नाही. आपल्या पाचांना मात्र सामना आहे.

सर्वांना सद्बुद्धी देणारा तो विघ्नहर्ता आमच्या निवड समितीकडेही लक्ष ठेवो, एवढेच मागणे. 

गणपती बाप्पा मोरया!